नाक, ओठ आणि एक चिनी मालिका

माझी चिनी भाषा सध्या पाच शब्दांची आहे. त्यातले दोन शब्द एका मालिकेच्या नावातच मिळाले. 'मेइरेन झिझाओ'. मेइरेन म्हणजे सुंदर स्त्री, आणि झिझाओ म्हणजे तयार करणं, कारखान्यात माल बनवतात तसं. आपल्याकडच्या छत्रीवर, बॅटरीवर, गणपतीच्या दिव्यांच्या माळांवर 'मेड इन चायना' लिहिलेलं असतं ना, त्याचं चिनी रूप 'झोंगग्वो झिझाओ'. तोच हा शब्द! म्हणजे मालिकेचं नाव 'सुंदरींचं उत्पादन'. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला असं काही कळलं की दिवस बरा जातो. इंग्रजीत मात्र तिचं नाव 'कॉस्मेटॉलॉजी हाय' असं ठेवलंय. कुठल्यातरी माध्यमिक शाळेचं वाटावं असं. कुणी ठेवलं देव जाणे.

मालिका २०१४ सालची, हुनान टीव्हीवरची. निर्माते यू झेंग, म्हणजे राजवाड्यातल्या राण्यांच्या मालिका काढण्यात हातखंडा असलेले गृहस्थ. काळ तांग घराण्याचा, वू झेतियानचा. चीनच्या सगळ्या इतिहासात स्वतःच्या नावानं सम्राट म्हणून गादीवर बसलेली ही एकच बाई, ६९० ते ७०५. तिच्या राज्यातला एक राजवैद्य लोकांचे चेहरे दुरुस्त करतो, त्याच्याबरोबर एक मुलगी असते, आणि आपापली दुखणी, आपापली गुपितं घेऊन बायका त्याच्याकडे येतात. आजच्या प्लास्टिक सर्जनला रेशमी झगा घालून तेराशे वर्षं मागं नेऊन बसवलंय, असं समजा.

इतिहास म्हणून पाहायला बसलात तर डोक्याला हात लावाल. पण कपडे सुंदर, केसांच्या रचना तर अशा की मान कशी तोलतात हाच प्रश्न पडावा. इंग्रजी ओळी खाली येतात त्या वाचता वाचता माझा चहा गार होतो. अशा मालिकांत चेहऱ्यावरची पट्टी सोडली की आतून नवा चेहरा निघतो. सूज नाही, काळंनिळं नाही, टाके नाहीत. आमच्या शेजारच्यांच्या सुनेची अक्कलदाढ काढली तर चार दिवस ओळखू येत नव्हती!

आता ही मालिका माझ्याकडे आली कशी ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. माझी नात पुण्यात नोकरी करते, वय चोवीस. शनिवार-रविवार घरी आली की माझ्या शेजारी लोळत काहीतरी लावते. "आजी, तुला इतिहास आवडतो ना, हे बघ," म्हणाली. दोन भाग झाले, चार झाले, मग हळूच म्हणाली, "आजी, मी नाकाचं ऑपरेशन करून घेणारे. पैसे साठवलेत. आईबाबांना तू सांग."

म्हणजे मालिका ही प्रस्तावना होती!

नात दिसायला चांगली आहे. आजी म्हणून सांगत नाही, खरंच आहे. नाक मात्र ठसठशीत आहे, मधे उंचवटा असलेलं, टोकाला थोडं खाली वळलेलं. आणि या नाकाची अडचण अशी की ते माझं आहे. माझ्या वडिलांकडून मला आलं, माझ्या मुलाला चुकवून थेट तिच्याकडे गेलं. आमच्या माहेरच्या ग्रुप फोटोत ओळीनं ते नाक बसलेलं दिसतं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. (नागपूरच्या ताई हे वाचत असतील तर त्यांनी आत्ता आरशात बघू नये.)

घरात जे व्हायचं ते झालं. मुलगा गप्प बसला. सूनबाई म्हणाल्या, "अपघात झाला असता, भाजलं असतं, तर गोष्ट वेगळी. धडधाकट नाक कापून घ्यायचं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला विचार करू द्या.

माझा विचार म्हणजे वाचन. नातीलाच म्हटलं, ही तुझी मालिका सोड, चीनमध्ये खरं काय घडलं ते शोधून दे. तिनं इंग्रजीतलं बरंच काढून दिलं, ते मी महिनाभर चष्मा पुसत वाचलं.

वू झेतियानच्या दरबारात शांगक्वान वान-अर नावाची एक विदुषी होती. कविता करायची, राज्याचे हुकूम लिहायची. तिच्या हातून काही अपराध झाला आणि मृत्यूदंड व्हायचा तो टळून तिच्या चेहऱ्यावर गोंदून डाग देण्यात आला. तेव्हाच्या चीनमध्ये ती गुन्हेगाराची खूण. पुढे नवव्या शतकातल्या एका लेखकानं लिहून ठेवलंय की बायका चेहऱ्यावर फुलांच्या आकाराच्या टिकल्या चिकटवतात ती चाल या शांगक्वानबाईंपासून पडली, डाग झाकण्यासाठी त्यांनी ती काढली. एकीनं व्रण झाकला आणि बाकीच्यांनी त्याची फॅशन केली. मला हे मालिकेतल्या राजवैद्यापेक्षा फार खरं वाटलं. पट्टी सोडल्यावर डाग गेला नाही, डागावर फूल आलं.

पण ज्या गोष्टीनं मला झोप लागू दिली नाही ती आणखी तीनशे वर्षं मागची आहे. जिन घराण्याच्या अधिकृत इतिहासात आहे. वेई योंगझी नावाचा एक गरीब घरचा मुलगा, जन्मतः वरचा ओठ दुभंगलेला. चिनी लोक याला 'तुचुन' म्हणतात, सशाचा ओठ. (शब्द तिसरा.) अठरा वर्षांचा असताना त्याच्या कानावर आलं की यिन झोंगकान या मोठ्या अधिकाऱ्याच्या पदरी एक वैद्य आहे, तो असले ओठ नीट करतो. घरात पैसा नव्हता. पोरानं काही मापं तांदूळ बरोबर घेतले आणि पश्चिमेकडे निघाला. वाड्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्या अधिकाऱ्याला त्याची हिंमत आवडली, त्यानं वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणाला, कापून शिवता येईल, पण शंभर दिवस फक्त पेज प्यायची, बोलायचं नाही आणि हसायचं नाही. त्यावर त्या मुलानं जे सांगितलं त्याचा आशय असा, की अर्धं आयुष्य मुकं राहायची अट असती तरी उरलेल्या अर्ध्यासाठी मी हे केलं असतं, शंभर दिवसांचं काय घेऊन बसलात!

त्याला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. तो तोंड मिटून पेज पीत राहिला. ओठ बरा झाला. पुढे हाच मुलगा जिंगझोऊ प्रांताचा प्रमुख झाला, म्हणजे ज्या यिनच्या दारात तो तांदूळ घेऊन उभा होता, त्या यिनचंच पद.

चौथ्या शतकाचा शेवट! भूल देण्याचं आजच्यासारखं काही नाही, जंतू हा शब्द नाही.

ही गोष्ट वाचली आणि मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. नाव सांगत नाही, तो आता संसारी माणूस आहे. वर्ष १९८४-८५ असेल. सातारा तालुक्यातली आमची शाळा, पाचवीचा वर्ग. त्याचा ओठ असाच, नाकापर्यंत चिरलेला. त्याच्या आईला सासरच्यांनी ऐकवलेलं होतं की ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून पोर असं झालं. गंमत बघा, चीनमध्ये तिसऱ्या शतकातल्या 'बोवूझी' या ग्रंथात लिहिलंय की गरोदर बाईनं सशाचं मांस खाऊ नये, ससा पाहूसुद्धा नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटका निघतो. हिमालयाच्या अलीकडे विळी, पलीकडे ससा. दोष मात्र दोन्हीकडे आईचाच.

हा मुलगा वर्गात बोलायचा नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा. मराठीच्या तासाला आम्ही एकेकाला उभं करून धडा वाचून घ्यायचो, तो उभा राहायचा, पुस्तक तोंडासमोर धरायचा आणि तसाच थांबायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं. म्हणून फळ्यावरचा रोजचा सुविचार मी त्याच्याकडे दिला होता. वर्गाकडे पाठ करून लिहायचं असल्यामुळे ते काम त्याला आवडायचं.

सातवीत असताना एका शहरातल्या दवाखान्यात मोफत शस्त्रक्रियेचं शिबिर झालं. मोफत म्हणजे कापणं-शिवणं मोफत, एस.टी.चं भाडं, राहणं, आईची बुडालेली मजुरी, हे कुठलं मोफत? तिनं शेळी विकली. पोरगं महिनाभरानं परत आलं तेव्हा ओठावर लाल रेघ होती. टाळूतही थोडं व्यंग असल्यानं बोलणं नाकातून यायचं, ते तसंच राहिलं. तरी दोन-तीन महिन्यांनी एका तासाला मी पुस्तक घेऊन वाचायला सांगत असताना तो आपणहून उभा राहिला आणि त्यानं पानभर वाचलं. वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण त्या वेळी वर्गाला माझं तोंड दिसणं बरं नव्हतं.

आज त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो इतका बोलतो की गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं.

नातीला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, प्रश्न सुटला. दुरुस्ती वेगळी आणि नटणं वेगळं. त्या मुलाचं, त्या चिनी पोराचं ऑपरेशन ही गरज. तुझं ही हौस. ती शांतपणे म्हणाली, "आजी, तो जेवू शकत होता ना?"

"हो, जेवायचा की."

"टाळू तशीच राहिली म्हणालीस. म्हणजे बोलणं फारसं सुधारलं नाही. मग बदललं काय? दिसणंच ना? लोक बघतात म्हणूनच तो बोलत नव्हता ना?"

छत्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्यात घालवली, तरी आपल्याच घरातलं पोर असा प्रश्न टाकतं तेव्हा काही सुचत नाही. मी म्हटलं, लहान बाळांना दूध ओढता येत नाही, म्हणून ओठ हल्ली तान्हेपणी पहिल्या काही महिन्यांतच शिवतात. ती म्हणाली, "ते बरोबरच आहे. पण तुझा मुलगा तेरा वर्षांचा होता."

मग मी विषय बदलून पुण्याच्या कावसजीवर नेला. तुम्हाला ठाऊक असेलच, पण सांगते, कारण सगळ्या जगाची प्लास्टिक सर्जरी एका वळणावर आपल्या पुण्यातून गेलेली आहे. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. नाव पारशी वाटतं, पण जुन्या वृत्तांतात त्याला मराठा म्हटलंय. १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक बनवलं, ते उलगडून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधला भाग तसाच जोडलेला ठेवून ती खाली फिरवली आणि नाकाच्या जागी बसवली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी हकिगत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनला याच पद्धतीनं एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक केलं. आपल्याकडे सुश्रुतानं ही विद्या कधीच लिहून ठेवली होती, तिथं कातडी गालाची सांगितली आहे, पुण्यात कपाळाची घेतली एवढा फरक.

पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी नोंदवलं नाही. जात नोंदवली, विटा करणाऱ्यांची, म्हणजे कुंभारकामाची. चीनच्या त्या वैद्याचंही नाव जिनच्या इतिहासात नाही. रुग्णांची नावं राहिली, शिवणाऱ्यांची गेली. आणि 'प्लास्टिक' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ माती घडवणं असाच आहे, तेव्हा कुंभारानं नाक करावं हे व्याकरणाला धरूनच झालं म्हणायचं! चिनी शब्द आहे 'झेंगशिंग', आकार नीट करणं. (चौथा.)

नात म्हणाली, "बघ, म्हणजे नाक कपाळाएवढंच आपलं आहे."

आपली भाषा तर नाकानं भरलेली आहे. नाक कापलं जातं, नाक घासावं लागतं, नाकावर माशी बसू देत नाहीत, नाकानं कांदे सोलतात, नाकी नऊ येतात. अब्रू चेहऱ्याच्या मध्यभागी ठेवलेली. मग त्याच्या आकाराचं पोरींना काही वाटू नये अशी अपेक्षा कशी करायची?

आणि आता ते सांगते जे मी नातीला सांगितलं आणि घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. १९७३ साली बी.ए. झाले. मराठी घेऊन, दुसऱ्या वर्गात, आमच्या गल्लीतली पहिली पदवीधर मुलगी. त्यानंतरच्या दीड वर्षात मला सहा ठिकाणी दाखवली. त्यातल्या एका घराकडून मध्यस्थामार्फत निरोप आला, "मुलगी हुशार आहे, पण नाक जरा पुरुषी वाटतं." वडील ओसरीवर बसले होते. निरोप त्यांनी ऐकला आणि नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. मला नकाराचं नाही, त्या हाताचं वाईट वाटलं. त्या रात्री कुणी येऊन मला म्हटलं असतं की शंभर दिवस पेज पी, बोलू नकोस, हसू नकोस, मी तुझं नाक सरळ करून देतो, तर मी एकशे एकावा दिवससुद्धा दिला असता.

पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी चाळीस वर्षांत माझ्या नाकाबद्दल एकदाच उल्लेख केला, चष्मा घसरत नाही म्हणून! ते असो.

तेव्हा हौस आणि गरज यांच्यामधली रेघ मला वाटत होती तितकी सरळ नाही. चीनमध्येसुद्धा ती सारखी हलत आलेली आहे. तिथल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जातात ते डॉ. सोंग रुयाओ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून परत आले, कोरियाच्या युद्धात भाजलेले, जबडे उडालेले सैनिक त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुरुस्त केले. १९५७ मध्ये बीजिंगला फक्त या शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं. मग सांस्कृतिक क्रांती आली आणि सुंदर दिसण्यासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे भांडवलदारी चोचला ठरला. आणि तिथून काही दशकांत वारं असं फिरलं की हल्ली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा संपली की उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी पापण्यांची घडी करून घ्यायला दवाखान्यात गर्दी करतात. आईवडील पैसे देतात, बक्षीस म्हणून. नोकरीच्या अर्जाला फोटो जोडावा लागतो, मग तो चांगला नको? माझा पाचवा शब्द आहे 'यानझी'. यान म्हणजे चेहरा, झी म्हणजे किंमत. चेहऱ्याची किंमत! परीक्षेच्या गुणांसारखी ती मोजतात. मास्तरकी केलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असा शब्द आहे.

आणि याच चीनमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत गाओ लिऊ नावाच्या अभिनेत्रीनं स्वतःच्या नाकाचे फोटो जगासमोर ठेवले. नाकाचं टोक थोडं नीट करायला गेली होती. किरकोळ काम म्हणून. जंतुसंसर्ग झाला आणि टोकाची कातडी मरून काळी पडली. हातातली कामं गेली. ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, तिथल्या बाईनं तो काळा पडलेला चेहरा लाखो लोकांना दाखवला, इतर मुलींनी आधी चौकशी करावी म्हणून. मला तिचं धैर्य त्या तांदूळ घेऊन निघालेल्या पोराइतकंच वाटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीन सरकारनं सौंदर्य-शस्त्रक्रियांच्या जाहिरातींना चाप लावणारे नियम काढले; दिसण्याची धास्ती निर्माण करणाऱ्या जाहिराती चालणार नाहीत म्हणाले.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं की मला नक्की कशाचा राग येतो. कापण्याचा नाही. नटण्याचाही नाही, आम्ही काय कमी नटलो? राग येतो तो किंमत लपवण्याचा. जिन घराण्यातल्या त्या बिननावाच्या वैद्यानं हत्यार हातात घेण्याआधी काय सांगितलं? पेज. शंभर दिवस. बोलणं नाही, हसणं नाही. पुढ्यात बसलेल्या पोराला आधी अट कळली, मग त्यानं होकार दिला. मालिकेत पट्टी सुटते आणि चेहरा नवा; नातीच्या फोनवर ज्या जाहिराती येतात त्यातही तसंच. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा, आणि मधे फक्त एक बाण. ते शंभर दिवस त्या बाणात कुठेतरी दडपलेले असतात.

नातीला म्हटलं, "तू मला सांग, हे नाक तुला कधी खुपायला लागलं?" बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ऑफिसच्या मीटिंग व्हिडिओवर व्हायला लागल्या तेव्हापासून. दिवसभर समोरच्या चौकटीत स्वतःचाच चेहरा बघायचा, बोलताना, ऐकताना, हसताना. मला हे नवीन होतं. आमच्या वेळी आपला चेहरा सकाळी वेणी घालताना बघायचा, की संध्याकाळपर्यंत तो इतरांच्या ताब्यात. म्हणजे मला दीड वर्षात सहा घरं बघायला आली, आणि हिला रोज आठ तास, बघणारीही तीच. तिच्यावर रागवावं असं मला काही वाटेना.

मुलाला आणि सूनबाईंना मी सांगितलं आहे की पोरगी सज्ञान आहे, पैसे तिचे आहेत, डॉक्टर चांगला बघा. सूनबाई थोड्या नाराज आहेत. मुलगा पहिल्यांदाच बोलला, "आई, पण ते अण्णांचं नाक आहे." अण्णा म्हणजे माझे वडील. तो त्यांचा फार लाडका होता. मी म्हटलं, अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी तिला बसचं भाडं दिलं असतं.

पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे, नुसती दाखवण्यासाठी. मी बरोबर जाणार आहे. नात म्हणाली, "आजी, तिथं भाषण देऊ नकोस." नाही देणार. एका कागदावर प्रश्न लिहून घेतलेत. श्वासाला त्रास होण्याची शक्यता किती? सूज पूर्ण उतरायला किती महिने? (वर्ष लागू शकतं असं वाचलं.) हाड घासणार की कूर्चा काढणार? बिघडलं तर पुन्हा कोण करणार, आणि त्याचे पैसे कुणाचे? तुम्ही अशी किती नाकं केलीत आणि किती जणींना परत पाठवलंत? शेवटचा प्रश्न नातीनं खोडला होता, मी पुन्हा लिहिला.

आणि सगळ्यात वर लिहिलंय : पेज किती दिवस?